घरशाळेत इतिहासाची हस्तकला किटं: कुठली घ्यावीत आणि कशी वापरावीत

देवगडहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, दोघंही गेल्या वर्षापासून घरीच शिकतात. इतिहासासाठी त्यांनी तीन किटं मागवली: प्लास्टरच्या ठोकळ्यातून ममी खणून काढायचं, रोमन मोझेकचं (रंगीत तुकडे जोडून चित्र करायचं) आणि पुठ्ठ्याचा जलदुर्ग जोडायचं. तिन्ही झटपट संपली. मुलं खूश झाली आणि वस्तू कपाटावर गेल्या. आठवड्याने विचारलं तर मुलीला ‘ममी म्हणजे पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत’ याच्यापुढे काही सांगता येईना. सासूबाई म्हणतात, ही तर खेळणी झाली, अभ्यास कुठाय? तर अशी किटं घ्यावीत का, घेतली तर वापरावीत कशी, आणि पुढे परीक्षेला त्यांचा काही उपयोग होतो का?

ताई, सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. मी कोकणात घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर बरीच वर्षं इतिहास करते आहे. विकतची किटंही वापरलीत आणि परसातून, बाजारातून सामान जमवूनही कामं केलीत. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. जुन्या माणसांचा हात जिथे अडला, तिथेच मुलाचा हात अडला, तर ती वस्तू करताना इतिहास कळतो. विकतच्या किटांतून नेमकी ती अडचणच काढून घेतलेली असते. तुकडे कापलेले, चुना कालवलेला, चिकटवायच्या जागी नंबर छापलेले. कंपनीचंही त्यात चुकत नाही, सुट्टीच्या दुपारी पोराला काहीतरी पुरं केल्याचा आनंद द्यायचा तर असंच करावं लागतं. पण घरी शिकवणाऱ्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. काढून टाकलेली अडचण शोधायची आणि परत जागेवर ठेवायची.

तुमच्या तिन्ही किटांवर हे करून दाखवते. नवीन काही घ्यायच्या आधी हीच परत बाहेर काढा.

पुठ्ठ्याचा जलदुर्ग आधी घेऊ. अशा किल्ल्यांना दरवाजा दर्शनी भिंतीत, अगदी समोर छापलेला असतो. मालवणला जाऊन होडीतून सिंधुदुर्गाकडे निघालात की मुलीला एवढंच सांगा, ‘दरवाजा दिसला की मला सांग.’ होडी तटाजवळ येईपर्यंत तिला तो दिसणार नाही, कारण तो बुरुजांच्या वळणाआड दडवलेला आहे. परत आल्यावर पुठ्ठ्याचा किल्ला जमिनीवर ठेवा आणि समोरून गोट्या सोडा. गोटी दरवाज्यातून थेट आत जाते. आता तिला कात्री आणि जुन्या वह्यांचे पुठ्ठे द्या आणि गोटी आत जाणार नाही असा दरवाजा करायला सांगा. दोन-तीन दिवस लागतील, लागू देत. मग तिला विचारा, आतली माणसं पाणी कुठलं प्यायची? किटमध्ये विहीर नसते. सिंधुदुर्गावर चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कुरटे बेटावर पायाचा चिरा बसवला, हे वाक्य त्यानंतर वाचून दाखवा. हेच बेट का निवडलं असेल, याचा अंदाज तोवर तिचा तिने बांधलेला असतो.

किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर चुन्याबद्दल सांगते, कारण माझ्या मते कोकणातल्या मुलांसाठी इतिहासातली सगळ्यात मोलाची सामग्री चुना आहे. तटबंदीच्या किटमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस देतात. पाणी घातलं की ते पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं आणि किल्ले असेच बांधले असं मुलांना वाटतं. आपल्या किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे. भाजलेल्या कळीवर पाणी पडलं की ती उकळते, मग विझलेला चुना रेतीत मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरडा असलं काय काय घालायचे. असा चुना हवेतला वायू हळूहळू शोषून घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात. ही दिरंगाई मुलाने स्वतः अनुभवावी. विझवलेला चुना बाजारातून आणा. कळीचा चुना घरी विझवू नका, तो अंगावर उडाला तर भाजतं आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. विझलेला चुनासुद्धा कातडीला खातो, तेव्हा कालवायचं काम तुम्हीच हातमोजे आणि चष्मा घालून करा. धाकट्याला लांब बसवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली रेती. त्याच्या आगपेटीएवढ्या वड्या पाडा, शेजारी तेवढ्याच प्लास्टरच्या पाडा. प्लास्टरची वडी चहा होईपर्यंत तयार, चुन्याची महिनाभर सावलीत ठेवायची. महिन्याने दोन्ही समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाका आणि दर दोन दिवसांनी मुलीला नखाने कड खरवडून पाहू द्या. प्लास्टर हे मुळात जिप्सम, ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं. कुठल्या वडीचं काय झालं याची तारीखवार नोंद तिने ठेवायची.

आणि कधी मुरूडला जाणं झालं, समुद्र शांत असला, होडी मिळाली, तर जंजिऱ्याबरोबर पद्मदुर्ग नक्की दाखवा. सिद्दीच्या जंजिऱ्यावर वचक ठेवायला महाराजांनी कासा बेटावर तो बांधून घेतला. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यापाण्याने झिजून आत गेलेत, आणि सांध्यातला चुना मात्र जाळीसारखा पुढे उरलाय. चुन्याची बादली आधी केलेल्या मुलांना तिथे काही सांगावं लागत नाही. मालवणकडचा एक मुलगा तटाला हात लावून एवढंच म्हणाला होता, ‘दगड गेलो, चुनो रवलो.’ नंतर घरी त्याने चुन्यात गूळ घालून आणि न घालता अशा दोन वड्या पाडून बघितल्या.

इथे एक धोक्याची सूचना. सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेला महाराजांचा हाताचा आणि पायाचा ठसा जपलेला आहे, तो पाहिला की प्रत्येक मुलाला आपला ठसा हवा असतो. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, त्यात हात अडकला तर गंभीर भाजू शकतं. मुलाचा हात प्लास्टरमध्ये कधीही घालू देऊ नका, किटच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. ओल्या मातीत ठसा घ्या, हात काढून घ्या, मग त्या खळग्यात प्लास्टर ओता.

आता ममी. हे किट मला मनापासून आवडतं, पण फक्त देवगडसारख्या गावात, जिथे मासळी रोजची आहे. पट्ट्या गुंडाळणं हा ममीतला सगळ्यात सोपा भाग. इजिप्तच्या लोकांपुढचा खरा प्रश्न होता शरीरातलं पाणी काढायचं कसं. त्यासाठी ते नॅट्रॉन वापरायचे, म्हणजे आटलेल्या तळ्यांत सापडणारा सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. देह आधी सुमारे चाळीस दिवस त्यात ठेवायचे, आणि सगळे विधी धरून सत्तर दिवस लागायचे. तुमच्या मुलांना खारा बांगडा माहीत आहे. तेव्हा बाजारातून दोन सारखे बांगडे आणा, पोट साफ करून घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. एक नुसत्या मिठात पुरा, दुसरा मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणात. डबे झाकून ठेवा, मांजराचा बंदोबस्त करा. दर चार दिवसांनी वजन घ्या, ओलं झालेलं मीठ बदला, आणि मुलीला वहीत आलेख काढू द्या. शाकाहारी घरात कैरीच्या फोडींवर हेच होतं. हे बांगडे खायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की मग किटमधल्या पट्ट्या घ्या. तोवर ‘आधी पोट का साफ करायचे?’ हा प्रश्न मुलीने स्वतःच विचारलेला असेल, कारण न साफ केलेल्या माशाचं काय होतं हे कोकणातल्या मुलाला सांगावं लागत नाही. सासूबाईंना या कामात जरूर ओढा. मासळी खारवणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि अभ्यास कुठाय ते त्यांना तिथेच दिसेल.

ममी ज्या ठोकळ्यातून खणून काढली, त्या ‘उत्खनन’ प्रकाराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हातोडी-छिन्नीने ठोकळा फोडायचा, आत खजिना सापडतो, संपलं. पुरातत्त्व म्हणजे वस्तू शोधणं असं मुलाच्या डोक्यात बसतं. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली हे टिपून न ठेवता ती उचलली, तर निम्मी माहिती गेली. त्यामुळे असलं किट परत घेऊ नका. त्याऐवजी एक मोठं घमेलं घ्या. तळाला रेती, वर राख, त्यावर तांबडी माती असे थर द्या आणि प्रत्येक थरात काहीतरी पुरा: खालच्यात शिंपले आणि मडक्याचा तुकडा, मधल्यात फुटकी बांगडी, वरच्यात प्लास्टिकचं बूच आणि नाणं. घमेल्यावर सुतळीने चौकटी आखा. मुलांनी चमच्याने आणि ब्रशने थर काढायचे, आणि वस्तू हलवायच्या आधी ती कुठल्या चौकटीत, किती खोल आहे ते कागदावर काढायचं. मग घमेलं बाजूला ठेवून तो कागद दुसऱ्या दिवशी घरातल्या तिसऱ्याच माणसाला द्या. नुसत्या कागदावरून, आधी काय पडलं आणि नंतर काय, हे त्याला सांगता आलं तर नोंद चांगली.

मडक्याचा तुकडा नसेल तर फुटकं कौल घाला. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या युरोपी मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. जुन्या घरांच्या कौलांवर कारखान्यांची नावं आणि चिन्हं उमटवलेली असतात. पडवीवरची कौलं उतरवली जातील तेव्हा मुलीला त्यांच्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसे घ्यायला लावा. तुमच्या घराच्या छपराला कारखान्याचा आणि जहाजवाहतुकीचा इतिहास आहे, हे तिला कुठल्याही पेटीत मिळणार नाही.

मोझेकमध्ये मी फार वेळ घालवणार नाही. एक गोष्ट तेवढी करा. किटमधले काचेचे तुकडे नकाशावर मांडा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतची बंदरं नोंदलेली आहेत. इजिप्तच्या किनाऱ्यावरून जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर गलबतं आपल्या बाजूला यायची. भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन होती, पोवळी होती आणि कच्ची काचही होती, आणि याच बंदरांच्या यादीत आपलं चौलही आहे. म्हणजे ममी आणि मोझेक या दोन परक्या पेट्यांना देवगडच्या पावसाळी वाऱ्याशी जोडता येतं. जुलैत खिडकीत उभं राहून वारा कुठून येतो ते मुलांनी पाहायचं, आणि नकाशावर त्या दिशेने मागे मागे जायचं. दिशा बरोबर अरबस्तान-आफ्रिकेकडे पोचते.

आता नवीन काय करायचं, किंवा घ्यायचं. तुमच्या जागी मी असते तर पहिलं होडीचं काम हाती घेतलं असतं, आणि त्याला एकही किट लागत नाही. विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात. तिथून जवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की दुरुस्ती करायची, या हिशेबाने ती खाडीकाठी कोरलेली आहे. आंग्र्यांच्या आरमारात मोठी गुराबं आणि लहान, वल्ह्यांवरही पळणारी गलबतं असत. त्यांना पाणी कमी लागायचं, त्यामुळे ती खाड्यांत शिरू शकत, आणि इंग्रजांची खोल तळाची जहाजं बाहेर राहत. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं आणि एकाही मुलाला ते कळत नाही. ते कळण्यासाठी पाण्याचं टब पुरे. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद, चिवट भाग, वाकवून एक उथळ, रुंद होडी करा, आणि एक अरुंद, खोल. दोन्हींत सारखेच खडे भरा. टबात रेतीचा उतार करा, खाडीच्या तोंडासारखा. कोण कुठवर आत येतं ते मुलं मोजतील. मग मधल्या पाण्यात पंख्याचा वारा सोडा, आणि उथळ होडीची दुसरी बाजूही दिसू द्या: ती वाऱ्याने पटकन बाजूला वाहवत जाते. म्हणजे आंग्र्यांचं बळ किनाऱ्याजवळ जास्त आणि भर समुद्रात कमी का, हे टबातच समजतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं, ही गोष्ट त्यानंतर सांगा. ज्या मुलीने चार दिवस होड्या जोडल्यात तिला ती लागते. पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली होती हेही लपवू नका. ‘आपलेच आपल्यावर का?’ हा प्रश्न ती विचारेल, आणि तो नऊव्या वर्षी पडायला हरकत नाही.

विरीचे दोन तुकडे गोंदाने चिकटवण्याऐवजी बारीक सुंभाने शिवायला लावा. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून जहाजं बांधायची जुनी रीत होती. तिच्यावर बेतलेलं शिवलेलं जहाज गोव्यात बांधून ते २०२५ मध्ये नौदलात ‘कौंडिण्य’ नावाने दाखलही झालं. मुलीची होडी टाक्यांच्या भोकांतून गळेल. गळूच दे. मग राळ का लावायचे, तेल का चोपडायचे, हे प्रश्न येतात. आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या दिवसांत, पेट्या भरून झाल्यावर एका संध्याकाळी आज्ञापत्रातली, म्हणजे राज्यकारभारावरच्या मराठेशाहीतल्या ग्रंथातली, आरमाराच्या लाकडाची आज्ञा समजावून सांगा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलं आहे की आंबा, फणस ही झाडं आरमाराच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावं. बागायतदाराच्या घरातल्या मुलांना यातला शब्दन् शब्द समजतो.

दुसरं काम गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळायच्या पत्त्यांचं. याची तयार किटं मिळतात, गोल पुठ्ठे आणि रंग. पुठ्ठे बाजूला ठेवा. चिंचोके भाजून, सालं काढून, रात्रभर भिजवून वाटा आणि शिजवून खळ करा. जुन्या सुती धोतराचे थर या खळीने एकावर एक चिकटवा, वजनाखाली वाळवा, डबीच्या झाकणाने गोल आखून कापा. वर खडूची पूड आणि डिंकाचा हात द्या आणि गुळगुळीत गोट्याने घासा. घासायचं काम कंटाळवाणं आहे, आणि मुलांनी ते कंटाळा येईपर्यंत करावं. दशावतारी गंजिफाच्या जोडात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, म्हणजे एकशे वीस पानं असतात. तुम्ही एकच रंग करा: मासा, कासव किंवा परशू. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. बारा पानं घासून झाली की एकशे वीस पानांच्या जोडाची किंमत मुलांना आपोआप कळते.

यातला इतिहास पानांवरच आहे. गंजिफा इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधकडे आपल्या एका मित्राला गंजिफाची पानं पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मोगली जोडात आठ रंग, शहाण्णव पानं. तोच खेळ दक्षिणेत येऊन दशावतारी कसा झाला? खेळायचे नियमही आपलेसे झाले: दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक्का धाकटा, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलटं. परका खेळ उचलून त्यात आपले देव बसवणारी माणसं कशी असतील, यावर मी मोठ्या मुलांबरोबर तासभर बोलले आहे आणि वेळ पुरलेला नाही. सावंतवाडी तुम्हाला एका दिवसात करता येईल. राजवाड्यात कारागीर पानं रंगवताना पाहायला मिळतात. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ बंद पडली होती, तेव्हा सावंतवाडीच्या सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि परत उभी केली. स्वतः बारा पानं घासलेलं मूल कारागिराला जे प्रश्न विचारतं, ते नुसतं बघायला आलेलं मूल विचारत नाही. येताना कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या दाखवा. त्याचं किट घरी करू नका, ते आधी ऐकायचं आणि बघायचं काम आहे.

कातळशिल्पांबद्दल, म्हणजे कोकणातल्या सड्यांवर, उघड्या कातळावर, कोरलेल्या जुन्या चित्रांबद्दल थोडक्यात. ‘आदिमानवाची चित्रं’ या नावाने दगडगोट्यांवर रंगवायची किटं येतात, ती घेऊ नका. जांभ्याचा एक पडीक चिरा आणा, डोळ्यांना चष्मा लावून मुलीला कठीण दगडाने त्यावर बोटभर रेघ कोरू द्या. मग दोरी आणि रांगोळी घेऊन अंगणात किंवा सड्यावर हत्ती काढायला सांगा, कशेळीच्या हत्तीएवढा, म्हणजे सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर. वरून पाहायची सोय नसताना पाय आणि सोंड प्रमाणात आणायची कशी, इथे मोठी माणसंही गोंधळतात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण ती कुणी आणि नक्की केव्हा कोरली यावर अभ्यासकांचं काम अजून चालू आहे. मुलांना हे जरूर सांगा, त्यांना त्याचा फार आनंद होतो. फक्त खऱ्या शिल्पांवर चुना, खडू, पाणी काहीही टाकू देऊ नका आणि त्यांच्यावरून चालू देऊ नका.

सगळ्याच इतिहासाची हस्तकला होत नाही, आणि होऊ नये. मुलगी दोन-तीन वर्षांत महाडच्या चवदार तळ्यापाशी येईल. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं पाणी प्यायलं, आणि त्यासाठी हजारो माणसं जमली होती. कृपा करून त्या तळ्याचं थर्माकोलचं मॉडेल करू नका. तिथे तिला घेऊन जा, पायऱ्यांवर बसा, आपल्या गावात कुणाची विहीर कुठे होती आणि का, हे गावातल्या जाणत्यांना विचारायला लावा. गुलामी, दुष्काळ, कत्तली यांनाही हेच लागू. हात गुंतले की मन हलकं होतं, आणि अशा विषयांत ते हलकं व्हायला नको.

वेळापत्रकाचं सांगायचं तर कोकणातला पाऊस ते ठरवून देतो. पावसाळ्यात किल्ल्यांवर होड्या जात नाहीत, तेव्हा चार महिने घरातली कामं करा आणि दिवाळीनंतर प्रत्यक्ष जागा बघा. मात्र त्याच पावसात किटचं प्लास्टर दमट होऊन पिशवीतच गोठतं, गोंद वाळत नाही, पानांना बुरशी धरते. प्लास्टरची आणि गंजिफाची कामं ऑक्टोबरनंतर ठेवा; माती, घमेलं, होड्या पावसात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा मुलांना त्यांचा तळ पाण्याबाहेर बघता येतो. दिवाळीचा मातीचा किल्ला तर आपण पिढ्यान्पिढ्या करतोच. या वर्षी कुठलाही एक किल्ला ठरवून त्याचा नकाशा समोर ठेवून करा, एवढाच बदल.

पैशांचं म्हणाल तर वर्षाला एक किंवा दोन विकतची किटं पुरेत, बाकीचा पैसा प्रवासाला ठेवा. घेताना खोका उलटून बघा. करायला किती वेळ लागतो हे मोठ्या अक्षरात मिरवलं असेल तर सोडून द्या. कच्चा माल, म्हणजे लोकर, माती, बोरू, शाईची पूड, जास्त असेल तर घ्या. मोडी लिपीचं बोरूचं किट चांगलं असतं, कारण कोकणातल्या किती तरी घरांत जुन्या पेटीत मोडी कागद पडून असतात. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवायची, हे मुलीला महिनाभरात जमेल. घरच्या कागदावर शक दिसला की त्यात ७८ मिळवून इसवी सन काढायचं गणितही होऊन जातं.

सहा वर्षांच्या मुलाला वेगळं काही देऊ नका. त्याला खडे मोजू द्या, वड्यांवर नंबर घालू द्या, बांगड्याचं वजन वाचू द्या. सनावळी त्याच्यासाठी नाही. ‘आजीच्या आजीच्याही आधी’ एवढा काळ त्याला पुरतो.

परीक्षेचा प्रश्न राहिला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावीची परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते, आणि तिथे इतिहास घेतला तर तो लिहावा लागतो. वस्तू दाखवून मार्क मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक कामाला एक पान जोडा. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘हे कशावरून कळलं’, उजवीकडे ‘हा आपला अंदाज’. पुठ्ठ्याच्या किल्ल्यावरचे छापील झेंडे उजवीकडे जातील, विहिरी डावीकडे. नऊव्या वर्षी तीन-चार ओळी होतात, बाराव्या वर्षी दोन पानं होतात, आणि पुराव्यावरून लिहायची सवय तोवर अंगवळणी पडते. ही पानं फाइलमध्ये तारखेसकट ठेवा. उद्या शाळेत परत घालायचं ठरलं तर मुख्याध्यापकांपुढे ठेवायलाही तीच उपयोगी पडतात.

या आठवड्यात बांगड्यांपासून सुरुवात करा. मीठ जाडं घ्या, आणि मुलीने पहिलं वजन लिहिलं की सासूबाईंची सही त्याखाली घ्या.